बॉनेटवरची गोधडी

इरा आणि निमिष, तुमची मंगलआजी गेली त्या सकाळी मी गॅलरीत वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होते. दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. फोन दगडूचा आला. दगडू म्हणजे मंगलआजीच्या बसचा ड्रायव्हर. आता काम सोडून बदलापूरला मुलाकडे राहतो. एरवी तो फोनवर आधी माझी तब्येत विचारतो, मग आजोबांची, मग तुमची. त्या दिवशी एवढंच म्हणाला, "बाई, ताई गेल्या..." आणि फोन तसाच चालू ठेवला. मीही बंद केला नाही. हातात आजोबांचा सदरा होता, त्याची घडी मी पुरी केली. वाईट वाटायच्या आधी हातातलं काम संपवायची माझी सवय तुम्हाला माहीत आहे.

आदल्याच आठवड्यात मी मोरिवलीला, त्यांच्या माहेरगावी, जाऊन त्यांना भेटून आले होते. मी त्यांना वन्सं म्हणायचे, नवऱ्याच्या बहिणीला आपल्याकडे म्हणतात तसं. आणि त्या मला गावच्या बोलीत वयनी म्हणायच्या. त्यांना दम पुरत नव्हता, पण चौकशा चालूच होत्या. "बस ठरवली?" त्यांनी विचारलं. ठरवली, मी म्हटलं. "दिवाळीनंतरचीच?" हो, नेहमीसारखीच. मग थोडं थांबून म्हणाल्या, "आनि उतरताना पुढं कोन बसंल?" मी म्हटलं, बघू. "बघू नको गो वयनी. बघू बोलतात त्या गोष्टी तशाच ऱ्हातात." मी त्यांच्या उशीची खोळ सारखी केली आणि विषय बदलला. हा प्रश्न त्यांना एवढा महत्त्वाचा का वाटत होता, हे तुम्हाला कळायचं तर त्या जुन्या बसची गोष्ट सांगायला हवी. तुम्ही लहानपणी एकदा तिच्यात बसला होतात, पण तुम्हाला फक्त तिचा भोंगा आठवतो.

बस वन्संच्या यजमानांची. ते स्वतःच चालवायचे. सकाळी बदलापूरहून कामगार घेऊन मोरिवलीशेजारच्या औद्योगिक वसाहतीत सोडायचे आणि संध्याकाळी परत न्यायचे. ते तरुणपणीच गेले. वन्सं माहेरी आल्या, आणि त्यांच्या मागोमाग बसही माहेरी आली. घरच्या सगळ्यांनी सांगितलं, विकून टाक. त्या म्हणाल्या, "पैसा बसून खाल्ला का संपतो. बस चालंल तवर घास देल." त्यांनी दगडूला ठेवलं. तो नगरकडचा, तेव्हा नुकताच बदलापुरात आलेला. स्वतः वन्सं कधी स्टिअरिंगला हात लावत नसत, पण बस त्यांच्याशिवाय क्वचितच निघे. त्यांची जागा ठरलेली होती. त्या बसचं इंजिन आत, ड्रायव्हरच्या शेजारीच होतं, आणि त्याच्यावर पत्र्याचं मोठं झाकण होतं. त्याला बॉनेट म्हणायचं. पत्रा तापायचा, म्हणून वन्संनी त्याच्या मापाची एक जाड गोधडी शिवली होती. कडेने त्यांची जुनी लुगडी, मधोमध यजमानांच्या खाकी गणवेशाचं कापड. त्या गोधडीवर मांडी घालून, एक हात ड्रायव्हरच्या मागच्या दांडीवर ठेवून त्या बसायच्या. इंजिनाची तब्येत त्यांना बसल्या जागी कळायची. "दगडू, आज याचं पोट बिघडलंय," म्हणायच्या, आणि दगडू म्हणायचा, "ताई, पोट त्याचं नाही, पंपवाल्याच्या डिझेलचं."

डिझेलच्या बाबतीत त्या फार काटेकोर होत्या. उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची, म्हणजे इंजिन चाकांपासून सुटं करायचं आणि गाडी आपली आपण घरंगळू द्यायची, ही त्यांचीच शिस्त. दगडू नवीन असताना त्यांनी ती त्याच्या हातात बसवली होती. साधा रेल्वेवरचा पूल उतरतानासुद्धा त्याचा हात आपोआप गिअरच्या दांड्यावर जायचा. आपल्याकडचे पुष्कळ ड्रायव्हर असंच करतात, आणि सपाटीवरच्या छोट्या उतारांना ते खपूनही जातं.

बस कामगारांची, पण वर्षातला एक दिवस बायकांची. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मोरिवलीच्या माहेरवाशिणी, म्हणजे गावातून लग्न होऊन बाहेर गेलेल्या साऱ्या लेकी, माळशेज घाट चढून पलीकडच्या आपल्या कुलदेवीला जात. ही पद्धत वन्संनीच सुरू केली. कोणी कल्याणहून येई, कोणी वाड्याहून, कोणी पनवेलहून. पुरुष कोणी नाही, दगडू सोडून. सुना चालत, म्हणून माझी वर्णी लागली. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी, पुण्यात वाढलेली. पहिल्या वर्षी पुस्तक घेऊन गेले होते. वन्संनी ते माझ्या हातातून काढून टपावर टाकलं. या दिवशी कोणाला स्वयंपाक नसे, कोणाचं डबा-पाणी नसे, सासू-नवरा-पोरं कोणी हाक मारत नसे. घाट चढताना गाणी आणि एकमेकींच्या नवऱ्यांची नक्कल. एका वर्षी एक जण मला म्हणाली, "बाई, मी वर्षभर बोटांवर दिवस मोजते ते याच दिवसासाठी." तिच्या सासरचं मला काही माहीत नव्हतं, पण तिचा चेहरा कळला.

परतताना मात्र घाटमाथ्यावर वन्सं नारळ फोडत आणि तिथून गप्प बसायचं. खाली पोचेपर्यंत ना गाणं, ना गप्पा. ड्रायव्हरचं चित्त हलू नये म्हणून. मी त्या उतारावर डोळे घट्ट मिटून घ्यायचे. दरीकडे मला बघवत नाही, अजूनही.

एका वर्षी त्याच उतारावर जळका वास आला. चाकांचे ब्रेक सारखे दाबून दाबून तापले होते, आणि तापलेला ब्रेक धरत नाही. दगडू ब्रेकवर पाय रोवून उभा राहिला म्हणा ना, तरी बस मंद होईना. त्याने ती डोंगराच्या बाजूला घेतली आणि रस्त्याच्या कामासाठी ओतलेल्या खडीच्या ढिगाऱ्यात घातली. कोणाला काही लागलं नाही. पुष्कळ बांगड्या फुटल्या. आम्ही प्रसादाच्या पिशव्या घेऊन घाट पायी उतरलो, वन्सं सगळ्यांच्या पुढे, एका हातात चपला आणि काखेत गोधडी. कोणी रडत नव्हतं. वाटेत कोणीतरी हळूच म्हणालं, "आता बंद होनार," आणि सगळ्यांना ते आधीच माहीत होतं.

तसंच झालं. त्या आठवड्यात घरोघरच्या भावांनी, नवऱ्यांनी सांगून टाकलं, पुन्हा त्या खटाऱ्यातून जायचं नाही. तुमचे आजोबा कारखान्यात अधिकारी, शिवाय वन्संचे थोरले भाऊ, म्हणून सगळ्यांनी त्यांनाच पुढे केलं. ते शांतपणे म्हणाले, "मंगल, ब्रेकचं काहीतरी कर. नाहीतर सहल नाही." वन्सं म्हणाल्या, "काहीतरी म्हंजे काय?" आजोबांनी सांगितलं की नव्या ट्रकना आता इंजिनाचाच एक ब्रेक येतो, एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात त्याला, जुन्या गाडीलाही बसवता येतो म्हणे. वन्संनी एवढंच ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी बस घेऊन उल्हासनगरला, कॅम्प दोन वस्तीतल्या लछूभाईंच्या गॅरेजकडे निघाल्या. मला म्हणाल्या, "चल वयनी. तो माझं ऐकत नाय. मास्तरीण दिसली का नीट बोलंल."

लछूभाई नीट बोलले नाहीत. ते सिंधी गृहस्थ, गॅरेज गल्लीच्या टोकाला, तोंडात सतत बडीशेप. वन्संना ते अदी म्हणत, म्हणजे त्यांच्या भाषेत ताई. "अदी, टेन्शन कायको? मैं है ना. इस घोडे को ऐसा लगाम डालेगा, तू बोलेगी लछू ने जादू किया." वन्सं म्हणाल्या, जादू नको, काय करणार ते सांग. त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. इंजिनातून धूर बाहेर जाणाऱ्या पाइपात एक झडप बसवायची. ड्रायव्हरने पायाजवळचं बटण दाबलं की झडप मिटते आणि डिझेलही अगदी कमी केलं जातं. बाहेर जायची वाट बंद झाल्यामुळे हवा कोंडते, ती ढकलताना इंजिनाला धाप लागते आणि ते चाकांनाच मागे ओढून धरतं. चाकांचे ब्रेक थंड राहतात, खऱ्या गरजेसाठी शिल्लक. पण हे सगळं गाडी गिअरमध्ये असली तरच, कारण इंजिन आणि चाकं जोडलेली असतात ती गिअरनेच.

"म्हंजे बसचं तोंड दाबायचं," वन्सं म्हणाल्या.

"मुँह नहीं अदी," लछूभाई म्हणाले आणि माझ्याकडे बघून थांबले. "मास्टरनी बाजू में है, कैसे बोलू."

वन्सं इतक्या हसल्या की शेजारच्या दुकानातला वेल्डर बाहेर आला. मी समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत राहिले.

झडप भंगारात निघालेल्या एका ट्रकची मिळाली, त्याच बनावटीच्या इंजिनाची. लछूभाईंनी ती खोलून साफ केली, नवीन सील घातलं, हवेच्या टाकीवरून नळी ओढली. हे सारं होईपर्यंत वन्सं गोधडी अंथरून एका टायरवर बसून होत्या आणि पाना कितीदा घसरला तेसुद्धा मोजत होत्या. मी आणलेला डबा आम्ही सगळ्यांनी तिथेच खाल्ला. मग बदलापूरच्या उड्डाणपुलावर नेऊन पाहिलं. पुलाच्या उतारावर दगडूने बटण दाबलं... आणि काहीच झालं नाही. बस आपली होती तशीच उतरली. लछूभाई म्हणाले, "नया है, थोडा घिसेगा, फिर बराबर बैठेगा." वन्सं म्हणाल्या, "लछूभाई, ते लुगडं नाय, दोन धुण्यांत बसायला." पुन्हा गॅरेज. लछूभाई तणतणत खाली शिरले. झडपेच्या अलीकडचा जुना पाइप गंजून त्याला भोक पडलं होतं. वाट बंद केली तरी हवा तिथून निसटत होती. बाहेर आल्यावर चेहरा पुसत ते म्हणाले, "अदी, झडप तो मेरा सही था." तेवढं मान्य करून वन्संनी पाइप बदलून घेतला. दुसऱ्यांदा पूल उतरताना बॉनेटखालून असा घुमारा उठला, जणू मोठं जनावर घशात गुरगुरतंय, आणि बस कोणी पदर धरून मागे ओढावी तशी सावकाश झाली. वन्संनी गोधडीवर हात फिरवला. "धरलंन," म्हणाल्या. तिथे उतरतानाच लछूभाईंनी दगडूला दोनदा बजावलं, "न्यूट्रल में मत डालना, उस्ताद. न्यूट्रल में ये कुछ काम का नहीं." दगडू मान हलवून हो म्हणाला. आम्ही सर्वांनी ऐकलं.

पुढच्या दिवाळीनंतर बस निघाली. निम्म्याच बायका आल्या होत्या. बाकीच्यांना घरून सोडलं नाही. आलेल्यांनाही सांगून पाठवलेलं, एवढी एकदा जाऊन या, बघू. ती सहल नीट पार पडली तर पुढच्या, नाहीतर तीच शेवटची, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. परतताना वन्संनी नारळ फोडला, सगळ्या गप्प झाल्या, मी डोळे मिटले. पहिली वळणं मी कानांनी उतरले. गुरगुर वाढायची, बस आखडायची, वळण जायचं. मला वाटतं, त्या घाटात प्रथमच माझ्या मुठी थोड्या सैल झाल्या. बोगदा गेला. पुढे जरा सरळ उतार आहे. तिथे गुरगुर थांबली.

इतकी शांतता झाली की टायरांचा रस्त्यावरचा आवाज ऐकू आला. मी डोळे उघडले. दगडूचा डावा हात गिअरच्या दांड्यावर होता; सरळ उतार दिसल्याबरोबर त्याने गाडी न्यूट्रलला टाकली होती. इतक्या वर्षांची सवय. बस हलकी होऊन वेग घेत होती आणि दगडू पायाने ते बटण दाबत होता, पुन्हा पुन्हा, आणि हे काम का करत नाही ते त्याला उमगत नव्हतं. वन्संना उमगलं होतं, त्यांच्या खालचं इंजिन रिकामं फिरत होतं. त्या ओरडल्या नाहीत. आमच्या घरात भाजी फोडणीला टाकताना बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "दगडू, गिअर सुटलाय. आधी पायाचा ब्रेक मार. आता तिसरा टाक. मी हाय." त्याने ब्रेक दाबला, तो थंड होता, त्याने धरलं. क्लच, रेस, पुन्हा क्लच. गिअर करकरला, बस सबंध थरथरली, आणि ती गुरगुर परत आली. तोंडाला पदर लावलेल्या बायकांनी एकदम श्वास सोडला.

घाटाखाली चहाच्या टपरीवर दगडू बसच्या पायरीवरच बसून राहिला. कपावर साय धरली. "ताई, डोक्यानं नाही केलं," तो म्हणाला. "हातानंच केलं. लछूभाईनं सांगितलेलं, मी ऐकलेलं, आन तरी हातानं केलं." बायकांमधली एक थोरली म्हणाली, घरी यातलं काही बोलायचं नाही, बोललात तर आजपासून बंद. सगळ्यांनी माना डोलावल्या. वन्सं म्हणाल्या, "बोलायचं. मी बोलनार." मग दगडूपाशी उकिडव्या बसल्या. "तुज्या हाताला न्यूट्रल कोनी शिकवलं? मी. डिझेलपायी शिकवलं. आता शिकवलेलं मलाच मोडायला लागंल. दर उतारावर मी इचारीन, तू सांगायचं. च्या पी आधी."

त्या संध्याकाळी मोरिवलीच्या अंगणात सगळे पुरुष वाट बघत बसले होते. वन्संनी उतरल्या उतरल्या सांगितलं, "ब्रेक चांगला हाय. हात चुकला. मी पुढं होते म्हनून लगेच सुधारला. पुढच्या वर्षी बी मी पुढं असेन." आजोबांनी मला विचारलं, तू काय म्हणतेस? मी म्हटलं, वन्संनी लपवलं असतं तर मी पुन्हा गेले नसते. आता जाईन. आजोबा म्हणाले, "मग पुढच्या वर्षी मीपण येतो लक्ष ठेवायला." वन्सं म्हणाल्या, "तू नको दादा. तू आलास का बायका गानार नाय." त्यावर हसायला लागले ते सगळे, आणि सहल राहिली.

तेव्हापासून घाटमाथ्यावर नारळ फुटला की उतारावर दोनच आवाज. प्रत्येक वळणाआधी वन्सं विचारायच्या, "गिअरमध्ये?" आणि दगडू उत्तर द्यायचा, "गिअरमध्ये, ताई." बाकी सगळ्या गप्प. पुढे कामगारांच्या फेरीतही हे सुरू झालं, बदलापूरचा पूल उतरताना मागच्या सीटवरून कामगार ओरडायचे, "गिअरमध्ये, ताई!" वन्सं मागे वळून शिव्या द्यायच्या आणि खूश व्हायच्या. बस म्हातारी होऊन मोडीत गेली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या दिवशी वन्संनी फक्त गोधडी काढून घेतली. नंतर सहलीला भाड्याची बस येऊ लागली. तिला हा ब्रेक कंपनीतूनच बसवलेला असतो आणि बॉनेटवर मऊ रेक्झिनची गादी असते. त्या गादीवर वन्सं आपली गोधडी अंथरायच्या आणि नव्या नव्या ड्रायव्हरांना तोच प्रश्न विचारायच्या. तुम्हालासुद्धा विचारला होता, आठवतं? निमिषने बर्फातून गाडी चालवतानाचा व्हिडिओ दाखवला तेव्हा. निमिष, तू म्हणालास, आजी, आमची गाडी गिअर आपोआप बदलते. त्या म्हणाल्या, "आपोआप बदलतंय ना, मंग जास्तच इचारायचं."

त्या गेल्यावर यंदा जायचं की नाही, असा प्रश्न निघालाच. वर्ष झालं नाही, असं काहींचं म्हणणं पडलं. पण देवीला जाण्याला कोणी अडवलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीच एकेकीला फोन करून वेळ कळवत होते. पुढे बसण्यासाठी मी वन्संच्या धाकट्या जावेचं नाव मनात धरलं होतं. ती मोरिवलीचीच लेक, धीट आहे, माझ्यापेक्षा तरुण आहे, तिला दरी बघवते. यादीत तिच्या नावापुढे खूणही केली. निघताना आजोबांनी पाण्याची बाटली माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाले, "सांभाळून उतरा."

दगडूलाही मी बोलावलं होतं. गुडघे गेलेत, काठी घेऊन आला. जाताना गाणी झाली, थोडी कमी. दर्शन झालं. परत घाटमाथ्यावर थांबलो तेव्हा नारळ धाकट्या जावेनेच फोडला, आणि मी तिला म्हटलं, आता पुढे तू. ती म्हणाली, "मी कशाला? मंगलताईंनी तुमचं नाव सांगितलंय." कधी सांगितलं? "गणपतीत. सगळ्यांना फोन करून." मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांना माहीत होतं. बॉनेटवर गोधडी आधीच अंथरलेली होती, खाकी तुकडा वर करून. माझ्या यादीची कोणाला गरजच नव्हती... मला मात्र वन्संनी विचारलं होतं, पुढं कोन बसंल. त्यांनी ते आधीच ठरवलं होतं. मी दगडूला म्हटलं, अरे, मी तर डोळे मिटून घेते. तो म्हणाला, "म्हणून तर, बाई. ताई म्हणायच्या, त्या दिवशी गाडी थांबल्यावाणी गप झाली ते वयनीनं डोळे मिटून वळखलं. आता उघडून वळखंल."

मी चढून बसले. मांडी घालता आली नाही, पाय सोडूनच बसले आणि ड्रायव्हरच्या मागची दांडी धरली. बस निघाली. मागे सगळ्या गप्प झाल्या. पहिलं वळण आलं, मी विचारलं, "गिअरमध्ये?" आवाज शाळेतल्या हजेरीसारखा निघाला. नवा ड्रायव्हर हसला. "हो आजी, बिनधास्त बसा." पुढचं वळण आलं, मी पुन्हा विचारलं. त्याने उत्तर द्यायच्या आत माझ्या पाठीमागच्या सीटवरून दगडू म्हणाला, "गिअरमध्ये, ताई." मी मागे पाहिलं नाही आणि त्यानेही शब्द बदलला नाही. पुढची सगळी वळणं आम्ही तसंच उतरलो. मी विचारत होते, तो सांगत होता, आणि नवा ड्रायव्हर बटण दाबत होता. बोगदा आला, गेला, सरळ उतार आला. गुरगुर थांबली नाही. डाव्या हाताला दरी होती. खूप खोल, हिरवट-पिवळी, आणि तळाशी एक ओढा. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा पाहिला.

घाट संपला आणि मागे कोणीतरी गाणं धरलं. चहासाठी गाडी थांबली, सगळ्या उतरल्या. मला हाक मारत होत्या, बाई, चला. मी म्हटलं, या तुम्ही, मी येते. इंजिन बंद झालं होतं, पण गोधडी अजून खालून ऊबदार होती.